जुना लॅपटॉप सुरू होत नाही, टचपॅड भरकटतो: बॅटरीपासून विंडोजपर्यंत तपासणीचा क्रम

नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) सुरू झाला की नागपुरात जुन्या लॅपटॉपच्या दोन तक्रारी जोडीनेच येतात. एक म्हणजे बटण दाबूनही लॅपटॉप सुरू होत नाही. दुसरी म्हणजे सुरू झाला तरी टचपॅडवरचा बाण आपल्या मनाने फिरतो, क्लिक होत नाही किंवा जागचा हलतच नाही. बहुतेक जण या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. एकीसाठी विंडोज नव्याने टाकून घेतात, दुसरीसाठी नवीन टचपॅड विकत आणतात, आणि महिनाभरात पुन्हा तेच सुरू होते. पाच-सात वर्षे जुन्या पातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही तक्रारींचे मूळ बऱ्याचदा एकाच ठिकाणी असते: टचपॅडच्या बरोबर खाली बसवलेली, उन्हाळ्यात फुगलेली बॅटरी. म्हणून विंडोजला हात लावण्याआधी बॅटरी बघा, मग अडॅप्टर आणि घरातले अर्थिंग, त्यानंतर रॅम व डिस्क, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर अनेकदा काहीच विकत घ्यावे लागत नाही.

आधी बॅटरी फुगली आहे का ते बघा

लॅपटॉप बंद करा, अडॅप्टर काढा आणि झाकण मिटून तो ओट्याच्या ग्रॅनाइटवर किंवा काचेच्या टेबलावर ठेवा. चारही कोपरे एकेक करून हलके दाबा. लॅपटॉप डुलत असेल तर एकतर खालचा रबरी पाय गळला आहे किंवा तळ फुगला आहे. मग झाकण उघडून टचपॅडवर पोलादी पट्टी उभ्या कडेने टेकवा आणि मागून मोबाइलचा टॉर्च धरा. पट्टी मध्यभागी टेकते आणि दोन्ही टोकांना उजेड दिसतो, म्हणजे टचपॅड खालून वर ढकलला जातो आहे. टचपॅडची क्लिक अचानक कडक होणे, खालच्या कोपऱ्यात क्लिक न लागणे, झाकण नीट न मिटणे, कीबोर्डच्या मधल्या कळा उचलल्यासारख्या वाटणे ही त्याच दुखण्याची इतर लक्षणे आहेत.

असे का होते? पातळ लॅपटॉपमध्ये लिथियमची बॅटरी मऊ चांदीरंगी पाकिटात असते. उष्णतेने आणि सतत शंभर टक्के चार्ज राहिल्याने आतल्या रसायनाचे विघटन होऊन वायू तयार होतो. पाकिटातून त्याला बाहेर पडायला वाट नसल्याने पाकीट फुगते. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची कमाल मर्यादा साधारण ४५ अंश सेल्सिअस धरली जाते, आणि मे महिन्यात नागपूरच्या हवेचाच पारा ४५ च्या पुढे जातो. गादीवर, चादरीत दबलेल्या, दिवसभर चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपच्या पोटात किती तापत असेल याचा अंदाज करा. उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिक्कीत लॅपटॉप ठेवणे त्याहून वाईट.

फुगवटा दिसला तर पुढची एकही पायरी करू नका. लॅपटॉप चार्ज करू नका, टचपॅड दाबून खाली बसवू नका, सुईने वायू काढण्याचा विचारही करू नका. पाकीट फाटले की आतले थर एकमेकांना भिडतात आणि आग लागते. धूर दिसला तर हात न लावता लांब व्हा, धूर श्वासात घेऊ नका आणि १०१ वर फोन करा.

बॅटरी थोडीच फुगली असेल आणि फक्त स्क्रूने बसवलेली असेल, तर जपून काढता येते. गोंदाने चिकटवलेली फुगलेली बॅटरी मात्र घरी उपटू नका, ते काम बॅटरी बदलण्याची सवय असलेल्या कारागिराचेच आहे. काढलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात, सावलीत आणि सामानापासून दूर ठेवा. घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे ती द्या.

नवीन बॅटरी घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नका. जुन्या बॅटरीवर छापलेला पार्ट नंबर घ्या, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. व्होल्टेज जुळले पाहिजे. १०.८ आणि ११.१ व्होल्ट एकाच घरातले आहेत, पण ११.१ च्या जागी १४.८ व्होल्टची चालत नाही. सीताबर्डीच्या दुकानात घेत असाल तर बॅटरीवरची निर्मितीची तारीख बघूनच पैसे द्या. दोन वर्षे शेल्फवर पडलेली बॅटरी नवी असूनही थकलेली असते. बसवल्यावर लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती लगेच चालू करा. उन्हाळ्यापुरती तरी ठेवाच.

ज्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मागच्या बाजूने, बिजागरीजवळून खटका सरकवून निघते, त्यात टचपॅडखाली बॅटरी नसते. त्यांच्यासाठी सरळ पुढच्या भागापासून सुरुवात करा.

एकही दिवा लागत नाही

पहिली पायरी फुकटची आहे. अडॅप्टर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, यूएसबीला लावलेले सगळे काढा आणि पॉवरचे बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त अडॅप्टर लावून सुरू करा. लॅपटॉपमध्ये एक छोटी नियंत्रक चिप असते, जी बटण, चार्जिंग आणि पंखा सांभाळते. लाईन गेल्या-आल्याच्या झटक्यात ती अडकून बसते, आणि उरलेला विद्युतभार निघून गेला की बरेचदा मोकळी होते. बॅटरी आत असलेल्या काही लेनोवो मॉडेलमध्ये तळाशी टाचणीच्या जाडीचे रिसेटचे भोक असते. अडॅप्टर काढून त्यात सरळ केलेली यू-पिन हलकी दाबायची आणि मिनिटभर थांबायचे. भोक माइकचे तर नाही ना, हे जवळची खूण पाहून आधी ठरवा.

यानेही काही झाले नाही तर अडॅप्टर मोजा. साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे यंत्र) पुरतो. डायल डीसीच्या २०० व्होल्टवर ठेवा, कारण २० व्होल्टच्या रेंजवर वीसच्या वरचे माप दिसत नाही. अडॅप्टरवर छापलेला आकडा बघा. बहुतेक ६५ वॉटचे अडॅप्टर १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर, १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर किंवा २० व्होल्ट ३.२५ अँपिअरचे असतात. माप छापील आकड्याच्या पाच टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक. डेल आणि एचपीच्या पिनमध्ये मध्यभागी बारीक सुई असते. ती वीज देण्यासाठी नसून अडॅप्टरची ओळख सांगण्यासाठी असते. लाल टोक पिनच्या आतल्या नळीच्या भिंतीला आणि काळे बाहेरच्या भागाला लावा, पण मधल्या सुईला दुसऱ्या कशाचाही स्पर्श होऊ देऊ नका. तिथे शॉर्ट झाला तर ओळख सांगणारा भाग जळतो. ती सुई वाकली किंवा तुटली की डेलचा लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि मुद्दाम हळू चालतो. लोक त्याला बॅटरी खराब समजतात.

मल्टिमीटरवर व्होल्टेज बरोबर दिसले म्हणजे अडॅप्टर चांगलाच आहे असे नाही. आतले कॅपॅसिटर उन्हाने सुकले असतील तर रिकाम्या अवस्थेत १९ व्होल्ट दिसतात आणि लॅपटॉप लावताच ते कोसळतात. अडॅप्टरवरचा दिवा पिन लावल्याबरोबर मंद होतो किंवा लुकलुकतो का ते बघा. खात्रीसाठी त्याच व्होल्टेजचा, तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा, तशाच पिनचा दुसरा अडॅप्टर लावून बघणे हाच खरा उपाय. पिन खळखळ हलत असेल, विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्ज होत असेल, तर दोष लॅपटॉपमधल्या जॅकमध्ये आहे. बहुतेक मॉडेलमध्ये हा जॅक वायरसकट सुटा मिळतो आणि मदरबोर्ड न बदलता बसतो.

दिवा लागतो, पण पडदा काळा

कॅप्स लॉक दाबा. तिचा दिवा लागतो-विझतो, म्हणजे मदरबोर्ड जिवंत आहे आणि अडचण पडद्याकडे आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा मारा. पुसट अक्षरे दिसली तर फक्त बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, गेला आहे. घरच्या टीव्हीला एचडीएमआयची केबल लावून बघा. डेलमध्ये डी ही कळ दाबून धरून पॉवरचे बटण दाबले की पडदा एकामागून एक रंग दाखवतो. रंग नीट दिसले तर पडदा आणि त्याची केबल दोन्ही बरी आहेत.

दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल किंवा बीप येत असतील तर ते मोजून लिहून ठेवा. तो लॅपटॉपने स्वतः सांगितलेला दोष असतो, आणि त्याचा अर्थ त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

जुन्या मशीनमध्ये पडदा काळा राहण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे रॅमच्या पट्टीचे संपर्क काळवंडणे. उन्हाळाभर खिडकीतल्या कूलरची ओली हवा, मग पावसाळ्याची दमट हवा, त्यात धूळ. तळाचे झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी साधारण ३० अंशांत उभी राहते, मग ओढून काढा. सोनेरी संपर्कांवर पांढरे मऊ खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, चुरा झटका, आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या कापडाने पुसा. डेटॉल, स्पिरिट किंवा अत्तर वापरू नका, त्यांचा थर मागे राहतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक करून, आणि दोन्ही खाचांत, तपासा. नवीन पट्टी घेताना डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांतला फरक दुकानदाराला सांगा. पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ वर. १.३५ व्होल्टच्या मशीनमध्ये १.५ ची पट्टी बसते खरी, पण पडदा काळाच राहू शकतो.

डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत हे काम करत असाल तर लोकरी कपडे आणि नायलॉनची चादर टाळा. पट्टीला हात लावण्याआधी पाण्याच्या लोखंडी नळाला स्पर्श करा. अंगावरच्या स्थिर विजेचा ठिणगी न दिसणारा झटकासुद्धा चिप मारायला पुरतो.

लोगोपर्यंत जातो आणि अडकतो

इथे घाई करून विंडोज टाकू नका. आधी बायोस उघडून डिस्कचे नाव दिसते का बघा (सुरू होताना दाबायची कळ: डेल, एसर, आसुसमध्ये बहुधा एफ२, एचपीमध्ये एफ१०). त्याच पडद्यावर तारीखही बघा. ती कित्येक वर्षे मागे गेली असेल तर बायोसची गोल बटण-बॅटरी, सीआर२०३२, संपली आहे. तिचे व्होल्टेज ३ च्या आसपास असायला हवे, २.७ च्या खाली असेल तर बदला. लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आणि दोन वायरींची असते. ही बॅटरी गेली की बायोसच्या सेटिंग मूळ पदावर जाऊ शकतात: सुरू होण्याची पद्धत यूईएफआयवरून जुन्या लेगसीवर जाते, किंवा डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून दुसऱ्यावर जाते. मग चांगली डिस्क असूनही ‘बूट डिव्हाइस नाही’ असे दिसते किंवा निळा पडदा येतो. सेटिंग पूर्वीसारखी केली की विंडोज जसेच्या तसे उघडते. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या, नाहीतर डिस्क कुलूपबंद होऊन बसेल.

डिस्क दिसते पण टक टक आवाज करते, किंवा विंडोज पाच-दहा मिनिटे गोल फिरत राहते, तर पहिले काम डेटा वाचवणे. दुसऱ्या संगणकावर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा) पेनड्राइव्ह तयार करून त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि फोटो, कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्या. मरत आलेल्या हार्ड डिस्कवर संपूर्ण चेकडिस्क (विंडोजची डिस्क-तपासणी) चालवणे ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. ती प्रत्येक खराब जागा पुन्हा पुन्हा वाचते आणि डिस्कचा उरलेला जीव संपवते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रीअलोकेटेड सेक्टर’ शून्याच्या वर असतील आणि वाढत असतील तर ती डिस्क बदला. जागेवर २.५ इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी बसते. मूळ डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर बारीक चौकट लागते. जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च हाच करा, दुसऱ्या कुठल्याही भागाने इतका फरक पडत नाही.

डिस्क बरी असेल तर विंडोज सुरू होताना पॉवर बटण दाबून तीनदा मध्येच बंद करा. मग दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो, त्यात ‘स्टार्टअप रिपेअर’ निवडा. सुरू झाल्यावर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. त्यात लॅपटॉप पूर्ण बंद होतच नाही, विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवला जातो, आणि जुन्या ड्रायव्हरना (एकेक भाग चालवणाऱ्या प्रोग्रामना) ते झेपत नाही. सकाळी टचपॅड मृत आणि रीस्टार्ट केल्यावर जिवंत, असे होत असेल तर कारण बऱ्याचदा हेच असते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, त्यामुळे नव्याने टाकायचेच असेल तर विंडोज ११ चालते का ते पाहा, नाहीतर लिनक्सचा विचार करा.

लॅपटॉप सुरू होऊन दहा-वीस मिनिटांत अचानक बंद पडत असेल तर तो तापतो आहे. पंख्याच्या तोंडाशी जाळीवर धुळीचा नमदा बसलेला असतो. पंख्याची पाती काडीने अडवून मगच हवा मारा, नाहीतर पंखा उलटा वेगात फिरून खराब होतो. प्रोसेसरवरची पेस्ट बदलताना तुरीच्या डाळीच्या अर्ध्या दाण्याएवढी पुरते.

टचपॅड: आधी तो खरोखर बिघडला आहे का?

फंक्शन कळेसोबत एफ५, एफ६, एफ७ किंवा एफ९ यांपैकी टचपॅडचे चित्र असलेली कळ दाबा. जुन्या एचपीमध्ये टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक दिवा असतो. तिथे दोनदा टिचकी मारली की टचपॅड चालू-बंद होतो. लहान मुलांच्या हातून तो बंद झाल्याचे अनेकदा निघते. बायोसमध्ये ‘पॉइंटिंग डिव्हाइस’ची नोंद चालू आहे ना, तेही बघा.

मग हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर वेगळे करा. वर बनवलेल्या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून टचपॅड वापरून बघा. तिथे नीट चालला तर दोष विंडोजचा. नव्याने विंडोज टाकल्यावर टचपॅड गेला असेल तर टचपॅडचा ड्रायव्हर शोधत बसू नका. अनेक इंटेल लॅपटॉपमध्ये टचपॅड आयटूसी नावाच्या वाहिनीवर असतो, आणि त्या वाहिनीचा ‘सीरियल आयओ’ ड्रायव्हर आधी लागतो. तो आणि चिपसेटचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्याच मॉडेलचा घेऊन टाका, मग सिनॅप्टिक्स किंवा एलान या टचपॅड बनवणाऱ्या कंपनीचा.

बाण नाचतो, आपोआप क्लिक होते? अडॅप्टर काढून फक्त बॅटरीवर पाच मिनिटे वापरा. नाचणे थांबले तर दोष अडॅप्टरचा किंवा अर्थिंगचा आहे, टचपॅडचा नाही. टचपॅड बोटामुळे बदलणारा अतिसूक्ष्म विद्युतभार मोजतो. अडॅप्टरमधून लॅपटॉपवर येणारी बारीक गळती अर्थिंगमधून निघून गेली नाही, तर हे माप गडबडते. धातूच्या झाकणावरून मनगट फिरवल्यावर झिणझिण्या येतात, तीच ही गळती. तीन पिनच्या अडॅप्टरची तिसरी पिन वगळून तो दोन पिनच्या एक्स्टेन्शनला लावणे हे एक कारण. दुसरे खास इथले: काळ्या मातीतला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, माती तडकून इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि अर्थिंग नावापुरते उरते. खड्ड्यात नियमित पाणी घाला, आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या. घरातल्या माणसांसाठीही ते आवश्यक आहे.

बॅटरीवरही बाण नाचत असेल तर टचपॅडवरचा घाम-तेल मघाच्याच अल्कोहोलने पुसा, चिकटवलेला गार्ड काढा आणि लॅपटॉप कूलरच्या थेट झोतातून हलवा. तरीही फरक नाही, तर केबल. तळ उघडून बॅटरी सोडवा. टचपॅडपासून मदरबोर्डपर्यंत चपटी पांढरी पट्टी जाते, तिच्या टोकाला बहुधा निळा कडक तुकडा असतो. कनेक्टरची बारीक पट्टी नखाने वर उचला, ती उघडल्याशिवाय केबल ओढू नका. टोके अल्कोहोलने पुसा, केबल सरळ आणि पूर्ण आत सारा, पट्टी मिटवा. तिरपी बसली तर टचपॅड अधूनमधून चालतो, आणि तो दोष शोधणे सर्वांत अवघड. केबलवर घडीची पांढरी रेघ दिसली तर ती बदला. तितक्याच तारा, तेवढीच लांबी आणि संपर्कांची दिशा तीच असलेली घ्या.

जुन्या मॅकबुकमध्ये क्रम तोच. त्यातही बॅटरी ट्रॅकपॅडखाली असल्याने ‘क्लिक लागत नाही’ म्हणजे आधी बॅटरी. २०१७ पर्यंतच्या, बॅटरी न निघणाऱ्या मॅकबुकमध्ये अडॅप्टर लावून डावीकडच्या शिफ्ट, कंट्रोल, ऑप्शन आणि पॉवर या कळा १० सेकंद एकत्र दाबल्या की वीज सांभाळणारी चिप रिसेट होते. २०१२ च्या १३ इंची प्रोमध्ये डिस्क दिसत नसेल तर डिस्कवर पैसे घालण्याआधी तिची चपटी केबल बदलून बघा, त्या मॉडेलमध्ये ती हमखास झिजते.

लॅपटॉप पुन्हा बंद करताना सगळे स्क्रू घट्ट करण्याआधी एकदा सुरू करून टचपॅडचे चारही कोपरे तपासा. स्क्रू काढताना कागदावर तळाचे चित्र काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवले असतील तर चूक होत नाही. पुढच्या कडेला आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर त्याचे टोक टचपॅडला खालून भिडते, आणि नवी बॅटरी टाकूनही क्लिक कडकच राहते.